तालुक्याच्या गावात चित्रकारांची रेसिडेन्सी : तापीकाठी ती कशी उभी करावी

चित्रकारांची रेसिडेन्सी, म्हणजे कलाकाराने काही आठवडे येऊन राहायची आणि काम करायची सोय, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकाठ येतो : कोकणातलं घर, गोवा, कोची. खानदेशात समुद्र नसला तरी तापी आहे, सातपुडा आहे, सागवानी वाडे आहेत आणि अजिंठा जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर आहे. बाहेरच्या कलाकाराने इथे येऊन इथल्याच सामानातून काम करणं ही गोष्टही नवी नाही. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्य वापरून तिथल्या टिळकनगराची, म्हणजे अधिवेशनाच्या जागेची, सजावट केली होती. पुढची आखणी तालुक्याच्या गावातली एखादी संस्था, वाचनालय, चित्रकला शिक्षकांचा गट किंवा वाड्याचा मालक यांच्यासाठी आहे.

आधी ठरवा : शिबिर की रेसिडेन्सी?

आपल्याकडे चित्रकारांची शिबिरं पुष्कळ होतात. तीन दिवस, वीस चित्रकार, प्रत्येकाला एक कॅनव्हास, आणि जाताना ते चित्र आयोजकांकडे. शिबिराला त्याची जागा आहे, पण रेसिडेन्सीचा हेतू वेगळा. तिथे कलाकाराला राहायला-जेवायला मिळतं, कामाला जागा आणि मानधन मिळतं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सलग वेळ मिळतो. त्या वेळावर आयोजकांचा हक्क नसतो. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. आमदारांच्या हस्ते उद्घाटन, रोज एका शाळेत प्रात्यक्षिक, वाढदिवसाला रांगोळी काढून द्या, असल्या मागण्या त्याच कसोटीवर नाकारता येतात.

पहिली खेप तीन कलाकार आणि 28 दिवसांची ठेवा. दोघंच असतील आणि त्यांचं जमलं नाही तर महिना दोघांनाही जड जातो. चारच्या पुढे गेलात की दुसरं न्हाणीघर, दुसरी स्वयंपाकीण आणि मोठी टाकी लागते. पंधरा दिवस अपुरे पडतात, कारण पहिला आठवडा जागा समजण्यात जातो आणि शेवटचा आवरण्यात. खरं काम मधल्या दोन आठवड्यांत होतं.

समिती पाच जणांची पुरे, आणि प्रत्येकाकडे एकच काम द्या : जागा, जेवण, हिशेब, कलाकारांशी पत्रव्यवहार, गावाशी संपर्क. गावाशी संपर्क ठेवणाऱ्याला अहिराणी आलीच पाहिजे. यावल-रावेरकडे असाल तर लेवा गणबोली, धडगावकडे जाणार असाल तर पावरी येणारा माणूस हवा. समितीत किमान एक बाई असावी, आणि ती फक्त हळदीकुंकवापुरती नको. एकटीने प्रवास करून येणाऱ्या चित्रकर्तीला पहिल्या दिवशी जे विचारायचं असतं ते ती तिलाच विचारते.

ऋतू

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, म्हणजे दिवाळी आटोपल्यावर. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा दुपारी बारा ते पाच पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत कुणीही काम करू शकत नाही. ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा हात) कागदभर पसरण्याआधी कडा धरतो आणि मातीकाम एका बाजूने सुकून तडकतं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराची खात्री देता येत नाही.

हिवाळ्याचेही दोन त्रास आहेत. एक, थंडी. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरू शकतो. ॲक्रिलिकचा थर त्या गारठ्यात नीट धरत नाही, भुकटी होऊन निघतो, म्हणून ते काम सकाळी दहानंतरच. दुसरा त्रास बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही : हाच कापसाचा हंगाम असतो. जवळ जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) चालू असेल तर हवेत रुईचं तूस तरंगत असतं आणि ते ओल्या तैलरंगावर, विशेषतः वार्निशवर, बसतं. वाळल्यावर ते खरवडूनच काढावं लागतं. जिनाच्या शेजारची जागा असेल तर वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांना मलमल ताणून लावा आणि वार्निश बंद खोलीत, फरशीवर पाणी शिंपडून, संध्याकाळी जिन थांबल्यावर करा.

तारखा ठरवताना पंचांग समोर घ्या. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला भरते. ती कालावधीत आली तर कलाकारांना मोठी मेजवानी आहे, पण त्या दिवसांत नंदुरबार-शहादा भागात गाड्या आणि खोल्या आयत्या वेळी मिळत नाहीत.

जागा निवडताना

तीन पर्याय सहसा समोर येतात : बंद पडलेला वाडा, जिनिंगचं जुनं गोदाम, शाळेच्या रिकाम्या खोल्या. शाळा टाळा. घंटा, परीक्षा, पालकसभा यांत सलग वेळ राहत नाही. गोदामाची उंची आणि क्षेत्रफळ शिल्पकाराला किंवा मोठं काम करणाऱ्याला सोन्यासारखं, पण राहायची सोय वेगळी करावी लागते. आमची पसंती वाड्याला. चौक, ओसरी, जाड भिंती आणि गल्लीतली वर्दळ, सगळं हाताशी असतं.

जागा पाहायला एकदाच जाऊ नका. सकाळी आठला, दुपारी एकला आणि दिवे लागल्यावर जा, आणि समितीतल्या दोघांनी एक रात्र तिथे झोपून पाहा. वटवाघळं, शेजारचा भोंगा, मागच्या गल्लीतली गिरणी, उंदीर, हे सगळं त्या एका रात्रीत कळतं.

प्रत्येक कलाकाराला कामासाठी 150 ते 200 चौरस फूट लागतात, झोपायची खोली वेगळी. उत्तरेची खिडकी असेल ती खोली चित्रकाराला द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि सावल्या सरकत नाहीत. (हे वर्षभर खरं नाही. आपण 21 अंश अक्षांशावर असल्याने जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं.) रात्रीसाठी 5000 केल्व्हिनचे, रंग खरे दाखवणारे एलईडी दिवे घ्या. खोक्यावर सीआरआय 90 किंवा जास्त असं लिहिलेलं असतं. साध्या दिव्याखाली लावलेला निळा-जांभळा सकाळी वेगळाच दिसतो.

धाब्याच्या छतातून माती गळते, थोडी पण सतत. उंदीर धावला तरी मूठभर पडते. ओल्या कॅनव्हासवर पडली की काम गेलं. कामाच्या खोलीत तुळयांच्या खाली जाड मांजरपाट ताणून छत बांधा. चारही बाजूंनी पट्ट्या ठोका, मध्ये झोळ राहू देऊ नका, आणि एका कोपऱ्याला नाडी ठेवा म्हणजे आठवड्याने माती काढता येते. प्लॅस्टिकचं छत लावू नका, त्याखाली दमट होतं आणि वाऱ्याने रात्रभर फडफडतं.

मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. चित्र टांगलं की खिळ्यासकट गिलावा येतो. त्याऐवजी प्रत्येक खोलीत 8 बाय 4 फुटांचे 12 मिलिमीटर प्लायचे दोन पत्रे लाकडी चौकटीवर उभे करा, पांढरा रंग द्या आणि खालची कड जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. वाळवी भिंतीतूनच येते. कागद, स्ट्रेचरची (कॅनव्हास ताणायच्या चौकटीची) लाकडं आणि गुंडाळलेला कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला तर चार आठवड्यांत तिची वाट तयार होते. सगळं लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून वीतभर दूर.

माळ्याच्या लाकडी तक्तपोशीवर छापखान्याचा प्रेस, दगड किंवा मातीचा साठा चढवू नका. वजनाची कामं तळमजल्यावर.

पाणी आणि वीज

रेसिडेन्सी बंद पडते ती कलेच्या प्रश्नावर नव्हे, पाण्यावर. आपल्या अनेक गावांत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. हिशेब सोपा आहे : माणशी रोजचे 150 लिटर, गुणिले माणसं, गुणिले दोन पाण्यांमधले दिवस. तीन कलाकार, एक स्वयंपाकीण, एक रखवालदार अशी पाच माणसं आणि पाच दिवसांचं अंतर धरलं तर 3,750 लिटर होतात. म्हणून 5,000 लिटरची टाकी. पाणी एक दिवस उशिरा आलं तरी चालतं. टँकरवाल्याशी दर आधी बोलून ठेवा.

बोअरचं क्षाराचं पाणी अंघोळीला चालतं, पण शाईच्या आणि जलरंगाच्या वॉशमध्ये वाळल्यावर पांढरट कडा सोडतं. रोज पाच लिटर आरओचं पाणी फक्त कामासाठी वेगळं ठेवा आणि कॅनवर तसं लिहा, नाहीतर ते चहात जातं.

रंगाचं पाणी थेट मोरीत ओतू देऊ नका. ॲक्रिलिकचा गाळ नळीत बसला की वाड्याची जुनी मोरी तुंबते. तीन बादल्या ओळीने ठेवा : पहिल्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात खळबळायचा, तिसऱ्यात शेवटचं स्वच्छ. पहिलीचं पाणी रात्रभर निवळू द्यायचं, वरचं हळूच ओतायचं, खालचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. एचिंग (धातूचा पत्रा ॲसिडसारख्या द्रावणाने कोरून छापे काढणं) करणारा कलाकार निवडलात तर नायट्रिक ॲसिड नको, फेरिक क्लोराइड वापरायला सांगा, आणि वापरलेलं द्रावण बंद प्लॅस्टिक कॅनमध्ये परत न्यायची जबाबदारी करारात लिहा. त्यात तांबं उतरलेलं असतं, ते तापीत किंवा शोषखड्ड्यात जाता कामा नये.

विजेसाठी आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवा. वाड्यांतली वायरिंग बहुधा जुनी आणि दिव्या-पंख्यापुरतीच असते. गिझर, हीटर, ड्रिल असल्यांना वेगळी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन ओढा. एक इन्व्हर्टर, 150 अँपिअर-अवर बॅटरीचा, दिवे आणि इंटरनेटपुरता पुरतो. विजेची भट्टी लागणाऱ्या सिरॅमिककाराला पहिल्या वर्षी नम्रपणे नकार द्या. तेवढा लोड घरगुती मीटरवर मिळत नाही. गावातल्या कुंभाराच्या भट्टीत काम करायला तो तयार असेल तर मात्र जरूर बोलवा.

झोपायच्या खोल्यांत आतून लागणारी कडी, मच्छरदाणी, दोन गोधड्या, आरसा, कपडे वाळवायची आडोशाची दोरी. संडासापर्यंत रात्री दिवा हवा. यातली एकही गोष्ट महाग नाही, पण राहिली तर पाहुणी पहिल्याच रात्री गाव सोडायचा विचार करते.

पैसा

जागा स्वतःची किंवा विनाभाडे आहे असं धरून तीन कलाकार, 28 दिवस यांचा नमुना हिशेब असा बसतो :

मानधन, प्रत्येकी 15,000 : 45,000
साहित्य, प्रत्येकी 8,000 : 24,000
रेल्वेचा येण्याजाण्याचा खर्च, प्रत्येकी 4,000 : 12,000
किराणा-भाजी, रोजचे माणशी 250 : 21,000
स्वयंपाकीण : 12,000
वीज, पाणी, इंटरनेट : 8,000
सुतार, गवंडी, वायरमन : 15,000
छायाचित्रण : 10,000
शेवटचा खुला दिवस : 8,000

बेरीज 1,55,000. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे धरले की 1,70,500. आकडे तुमच्या गावाच्या दराने बदला, पण मानधनाची ओळ सगळ्यांत आधी भरा आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नका. पैसे कमी पडले तर तीनाऐवजी दोन कलाकार बोलवा. मानधन नसेल तर घरचा आधार असलेलेच कलाकार अर्ज करू शकतात, आणि ज्याला सलग महिना मिळण्याची सर्वांत जास्त गरज आहे तो घरीच राहतो.

पैसा कुठून? गावातले व्यापारी रोख देण्यापेक्षा वस्तू सहज देतात. किराणा दुकानदाराकडून धान्य, मंडपवाल्याकडून टेबलं आणि पडदे, जिनवाल्याकडून गाठीचं गोणपाट, केळीच्या शेतकऱ्याकडून कापून टाकलेले खांब. या सगळ्याची किंमत हिशेबात लिहा. दुसऱ्या वर्षी मोठ्या देणगीदाराकडे जाताना तोच कागद उपयोगी पडतो. देणगीची पावती द्यायची तर संस्था नोंदलेली हवी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात काम होतं. नवी संस्था काढण्यात वर्ष घालवण्यापेक्षा आधीच नोंदलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या छत्राखाली पहिली खेप करा, फक्त त्यांच्या बैठकीत तसा ठराव लिहून घ्या.

परदेशातून देणगी घेण्यासाठी परकीय अंशदानाची वेगळी नोंदणी लागते. ती नसताना एक रुपयाही घेऊ नका. परदेशी कलाकार उतरला तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणं यजमानावर बंधनकारक असतं. पहिली दोन वर्षं देशातलेच कलाकार बोलवावेत हे बरं.

करारपत्र

दोन पानं, मराठीत आणि कलाकाराला कळेल त्या भाषेत. सगळ्यांत आधी चित्रांची मालकी. शिबिराच्या सवयीने "एक चित्र संस्थेला भेट" असं कलम घालू नका. संस्थेला चित्र हवं असेल तर किंमत ठरवून विकत घ्या. कॉपीराइट कलाकाराकडेच राहील असं शब्दांत लिहा. 1957 च्या कायद्यानुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणाऱ्याकडे जाऊ शकतो. न लिहिता सोडलेल्या या एका ओळीवरून पुढे कॅलेंडर छापताना भांडणं होतात. संस्थेला काय लागतं? छायाचित्रं आपल्या अहवालात आणि प्रसिद्धीत नावासह वापरायची परवानगी. तेवढीच मागा.

मानधन दोन हप्त्यांत : साठ टक्के आल्याच्या दुसऱ्या दिवशी, चाळीस टक्के पंचविसाव्या दिवशी. "अहवाल दिल्यावर देऊ" ही पद्धत नको, घरी पोचलेला कलाकार मग महिनोन्‌महिने फोन करत बसतो. अर्ध्यातून जावं लागलं तर काय, आजारपणात खर्च कुणाचा, पाहुणे राहू शकतात का, हे लिहा. घराचे नियमही आधीच सांगा. वाड्याच्या मालकाला मांसाहार किंवा दारू चालत नसेल तर ते निवडीच्या आधीच्या फोनवर सांगायचं, आल्यावर नाही. उलट बाजूही पक्की करा : कुठल्याही जातिधर्माचा कलाकार या घरात स्वयंपाकघरापर्यंत जाईल, हे मालकाकडून आधी कबूल करून घ्या. तो कां-कूं करत असेल तर दुसरा वाडा शोधा.

तक्रारीसाठी समितीबाहेरच्या एका व्यक्तीचं नाव-नंबर करारावर असावं. लैंगिक छळाची तक्रार असेल तर दहापेक्षा कमी माणसांच्या जागेसाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता खोलीत लावून ठेवा.

अर्ज आणि निवड

चार महिने आधी आवाहन काढा, सहा आठवडे मुदत ठेवा, पुढच्या तीन आठवड्यांत निवड करा. अर्जासाठी शुल्क घेऊ नका. मागायचं एवढंच : कामाची दहा छायाचित्रं (माप, माध्यम, वर्ष यांसह), अर्ध्या पानाचं मनोगत, आणि "या गावात नेमकं काय पाहायचं किंवा करायचं आहे" याचं उत्तर. मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेत, आणि लिहायला जमत नसेल तर तीन मिनिटांचा आवाजी निरोप चालेल असं स्पष्ट लिहा. उत्तम चित्र काढणाऱ्या पुष्कळांना अर्ज लिहिता येत नाहीत.

आवाहनात संकटं लपवू नका. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, सर्वांत जवळचं स्टेशन अमुक किलोमीटरवर आहे, संडास भारतीय पद्धतीचा आहे, वरच्या मजल्याला बारा पायऱ्या आहेत. अपंग कलाकाराला यावरूनच निर्णय घेता येतो.

निवड तिघांनी करावी : एक सरावातला चित्रकार, एक गावातला माणूस, एक बाहेरचा. आधी तिघांनी वेगवेगळं पाहून प्रत्येकी सहा नावं काढायची, मगच बसायचं. एकत्र बसून पाहिलं की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची निवड होते. तीन जागांपैकी एक खानदेशातल्या कलाकारासाठी ठेवा. आपल्या मुलांना शिकायला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात जाऊन यावं लागतं आणि परतल्यावर कामाला ना जागा मिळते ना सोबत. निवडलेल्यांशी प्रत्येकी अर्धा तास फोनवर बोला. कामाच्या वेळा, औषधं, जेवण, उंचीची किंवा वजनाची यंत्रं, आणि एकटं राहायची सवय आहे का, हे तिथे कळतं. नाकारलेल्यांनाही कळवा, दोन ओळी पुरतात.

येण्याआधीचे तीन आठवडे

साहित्याची यादी मागवून वीस दिवस आधी ऑर्डर द्या. 300 जीएसएमचा जाड कागद, चांगले तैलरंग, लिनो (छापे काढण्यासाठी कोरायचे पत्रे), शाई तालुक्याला मिळत नाहीत आणि कुरिअर तालुक्यापर्यंत येताना दोन-तीन दिवस जास्त घेतं. बाकी गावात काय मिळतं याची एक वही करून कलाकाराच्या टेबलावर ठेवा : सुतार, लोहार, कुंभार, पाट्या रंगवणारा पेंटर, फ्लेक्सवाला (त्याच्याकडे मोठ्या चौकटी आणि बांबू असतात), बांगडीवाले, भंगारवाला, शिंपी, आणि प्रत्येकाचा आठवडी सुट्टीचा दिवस. बाहेरून रंगांचा खोका घेऊन आलेला कलाकार महिनाअखेर केळीच्या सोपट्यावर (खोडाच्या सालीवर) किंवा गोणपाटावर काम करताना दिसतो तो याच वहीमुळे.

ग्रामीण रुग्णालय, सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे मिळतं, रात्री येणारा रिक्षावाला, पोलीस ठाणे हे नंबर दारामागे लावा. गल्लीतल्या शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला आधीच सांगा की कोण, किती दिवस, कशासाठी राहणार आहे. अनोळखी माणूस रस्त्यात उभं राहून घरांची चित्रं काढू लागला तर लोकांना शंका येते, आणि ती रास्त आहे.

चार आठवडे

पहिल्या दिवशी काहीही ठेवू नका. रात्रभराच्या रेल्वेने आलेल्या माणसाला गरम पाणी, वरण-भात आणि झोप द्या. शेवभाजी दुसऱ्या दिवशी, आणि तीही तिखट किती ते विचारून. दुसऱ्या दिवशी सकाळी गावफेरी : बाजारपेठ, नदीघाट, सुतारआळी, आठवडी बाजाराची जागा.

सहली पहिल्याच आठवड्यात आटोपा. नंतर कलाकार कामात गुंततो आणि सहल त्याला मोडता वाटते. अजिंठा सोमवारी बंद असतो. खासगी गाडी फर्दापूर फाट्याला ठेवून पुढे बसने जावं लागतं. लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, म्हणून आत गेल्यावर पाच मिनिटं डोळे स्थिरावू द्यायचे. स्केचसाठी पेन्सिल आणि पाठीला पुठ्ठा असलेली वही पुरते. तिथल्या चित्रांखालचा गिलावा मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे मळून केलेला आहे, आणि तुमच्या वाड्याची भिंतही माती-भुशाचीच आहे. हे दोन्ही एकाच आठवड्यात पाहिलेल्या कलाकाराचा हात मातीकडे वळतो. गावातल्या लिंपणाऱ्या बाईंना अर्ध्या दिवसाचं मानधन देऊन गिलावा कसा मळतात ते दाखवायला बोलवा.

दुसरी सहल चाळीसगावची. स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. आपल्या टेबलटॉप (टेबलावर छोट्या वस्तूंची मांडणी करून काढलेल्या) छायाचित्रांसाठी नावाजलेला हा माणूस 1989 मध्ये जाईपर्यंत याच गावात राहून काम करत राहिला. छोट्या गावात राहून कुणी किती काम करू शकतं हे कलाकाराला तिथे प्रत्यक्ष दिसतं. आधी फोन करून जा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ त्याच फेरीत होतं.

सातपुड्यातल्या धडगाव, मोलगी, काठी या आदिवासी भागात जायचं असेल तर ओळखीच्या माणसाबरोबर आणि कॅमेरा पिशवीत ठेवून. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. घरातल्या भिंतीवरचं चित्र किंवा देवाची वस्तू ही नक्षी म्हणून उचलायची गोष्ट नव्हे. कुणी काही शिकवलं तर त्याला मानधन आणि कामात नाव, दोन्ही द्यायचं.

दुसरा आणि तिसरा आठवडा पूर्ण मोकळा. समितीने सकाळी खोलीत डोकावायचं नाही. रोज संध्याकाळी साडेसातला एकत्र जेवण, तिथे कोणाला काय हवं ते कळतं. आठवड्यातून एकदा तासभर एकमेकांचं काम पाहायचं, तेही राजीखुशीने. शाळेची भेट एकच, तिसऱ्या आठवड्यात, तीसच्या आत मुलं, आणि मुलांनी कलाकाराच्या खोलीत यायचं. शाळेत गेलं की सत्कार, भाषणं आणि शाल-श्रीफळात दिवस जातो.

दोन धोके सतत डोक्यात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल वाळताना उष्णता धरतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. सागवानी वाड्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. प्रत्येक तैलचित्रकाराला झाकणाचा पत्र्याचा डबा द्या, अर्धा पाण्याने भरलेला, आणि चिंध्या त्यातच. दुसरा धोका नदी. तापीवरच्या प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे (बंधाऱ्यांमुळे) पाण्याची पातळी पाऊस नसतानाही बदलते आणि काठाजवळ अचानक खोल होते. नदीपात्रात मांडणी करायची असेल तर पाटबंधारेच्या माणसाला आणि घाटावरच्या भोई मंडळींना विचारून, दिवसाउजेडी, एकट्याने कधीच नाही.

खुला दिवस आणि पाठवणी

सव्विसाव्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठ घर उघडा. आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका, दुकानदार आणि शेतकरी दोघेही येऊ शकत नाहीत. व्यासपीठ आणि माइक नको. लोक खोलीत येतात, कलाकार उभा असतो, बोलणं होतं. कामाखाली नाव, माध्यम आणि दोन ओळी मराठीत, बारा वर्षांच्या मुलाला कळतील अशा. काम अपुरं असेल तर अपुरंच दाखवा. बायकांसाठी चार ते सहा ही वेळ मोकळी ठेवली तर गल्लीतल्या घरांतून खरोखर येणं होतं. ज्या सुताराने चौकटी केल्या, ज्या बाईंनी माती मळून दिली, त्यांची नावं कामाच्या पाटीवर लिहा.

वाळायला वेळ धरून पॅकिंगची तयारी चोविसाव्या दिवसापासून. तैलचित्र महिन्यात पूर्ण वाळत नाही. ओलं काम गुंडाळू नका, स्ट्रेचरवरच ठेवून कोपऱ्यांना लाकडी ठोकळे लावा म्हणजे पृष्ठभागाला काही टेकत नाही, आणि वर प्लाय. वाळलेला कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर थर दुमडून चिरतो. चार इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना झाकण, आत बटर पेपर. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पाइप डब्यात बर्थखाली जातो आणि पार्सलच्या डब्यापेक्षा सुरक्षित पोचतो. मातीचं न भाजलेलं काम प्रवासात टिकत नाही, त्याचं काय करायचं ते कलाकाराशी आधीच ठरवा.

निघण्याआधी प्रत्येक कामाचे दोन फोटो, माप आणि यादी, दोघांच्या सह्यांनी. पंधरा दिवसांत पूर्ण हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावा, वस्तुरूप देणग्यांसह, आणि त्याची प्रत तिन्ही कलाकारांना पाठवा. प्लायचे पत्रे पुसून आडवे ठेवा, टाकी रिकामी करून वाळवा, मांजरपाटाचं छत उतरवून धुऊन घ्या. पुढच्या आवाहनाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात काढायची.